प्राण जातो तेव्हा नेमकं काय थांबतं?

अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची छाती वरखाली होत असते, मॉनिटरवर ठोके दिसत असतात, हात कोमट लागतो. आणि डॉक्टर सांगतात, ‘ब्रेन डेथ झाली आहे,’ म्हणजे मेंदू मेला आहे. घरच्यांना ते पटत नाही, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही. ठोके चालू म्हणजे जीव आहे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो आहोत. ते कुठवर खरं आहे, हे कळायला सुरुवात पेशीपासून करावी लागते.

पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त, हा फरक म्हणजे तिचा जिवंतपणा. तो आपोआप टिकत नाही. दोन्ही क्षार आवरणातून सतत झिरपत असतात, आणि आवरणातले पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर व दोन पोटॅशियम आत ढकलतात. पंपाला लागणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून मिळते. शरीरात एका वेळी एटीपी असतं फार तर पाव किलो, पण तेच मोडून पुन्हा बांधत दिवसभरात त्याची उलाढाल कित्येक किलोंची होते. ही बांधणी मुख्यतः ऑक्सिजनवर चालते. पडून असलेला प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो; फुप्फुसं, रक्त आणि स्नायू मिळून शिल्लक जेमतेम दीड लिटर. अन्नाचा साठा काही आठवडे पुरतो, पाण्याचा काही दिवस, ऑक्सिजनचा काही मिनिटं.

त्यातही सगळ्यात हावरा अवयव मेंदू. वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजनचा वापर २० टक्के. स्वतःजवळ साठवण जवळजवळ नाही. म्हणून हृदय थांबलं की साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते आणि अर्ध्या मिनिटाच्या आत मेंदूचा विद्युत आलेख सपाट होतो. मग पंप थांबतात. सोडियम आत शिरतं, त्याच्यामागे पाणी शिरतं, पेशी फुगते. कॅल्शियमही आत घुसतं आणि पेशीचीच पाचक द्रव्यं तिचं आवरण कुरतडू लागतात. चार ते सहा मिनिटांनंतर मेंदूची कायमची हानी सुरू होते. हृदयाचा स्नायू याहून जास्त वेळ तग धरतो, मूत्रपिंड आणखी, त्वचा काही तास. म्हणजे मृत्यू एका क्षणी सगळीकडे होत नाही; ज्या ऊतीची भूक मोठी, ती आधी जाते.

याच चार-सहा मिनिटांत आसपासच्या माणसाला काही करता येतं. माणूस अचानक कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर १०८ ला फोन लावायला एकाला सांगून लगेच छाती दाबायला घ्यावी. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, कोपरं ताठ, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरतं. अर्धवट सोडलेला दाब म्हणजे वाया गेलेले कष्ट. उत्तम दाबूनही नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या पाव ते एक तृतीयांशच प्रवाह मिळतो, तरी तो मेंदूला तगवून धरायला उपयोगी पडतो. सगळ्यात घातक गैरसमज उचक्यांसारख्या श्वासाचा. हृदय थांबल्यावर काही मिनिटं माणूस अधूनमधून घोरल्यासारखा ‘आ’ वासतो. ‘श्वास चालू आहे, थांबा’ असं म्हणून लोक हात आखडता घेतात. तो खरा श्वास नाही. ते दिसलं तरी दाबत राहायचं.

मिनिटांचा हा हिशेब शरीर गार असेल तर बदलतो, कारण थंडीत पेशींची भूकच मंदावते. १९९९ मध्ये उत्तर नॉर्वेत ॲना बोगेनहोम ही डॉक्टर स्कीइंग करताना बर्फाखालच्या ओढ्यात ८० मिनिटं अडकली. त्यातली निम्मी मिनिटं ती हवेच्या पोकळीत शुद्धीवर होती, नंतर हृदय थांबलं. शरीराचं तापमान १३.७ अंशांवर उतरलं होतं. ट्रोम्सोच्या रुग्णालयात तिचं रक्त यंत्राने शरीराबाहेर गरम करून परत सोडलं गेलं आणि ती वाचली. गारठलेल्या बुडित माणसाला डॉक्टर घाईने मृत घोषित करत नाहीत, त्याचं कारण हेच.

आता त्या व्हेंटिलेटरकडे येऊ. हृदय आणि श्वास यांत एक मूलभूत फरक आहे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका आहे. तो मेंदूच्या हुकमाशिवाय स्वतःच ठोका निर्माण करतो. फुप्फुसांना असा स्वतःचा ताल नाही. प्रत्येक श्वासाचा आदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे ब्रेनस्टेममधून येतो. डोक्याला जबर मार लागला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला की कवटीच्या बंद डब्यात दाब चढत जातो, शेवटी तो रक्तदाबाला गाठतो आणि मेंदूत रक्त शिरणंच बंद होतं. ब्रेनस्टेम मेला की श्वास कायमचा थांबतो. पण यंत्र बाहेरून हवा भरत राहिलं तर हृदयाला ऑक्सिजन मिळतो आणि ते आपल्या तालात चालू राहतं. मॉनिटरवर दिसतं ते हे.

निदान घाईत होत नाही, होता कामा नये. आधी मेंदूच्या इजेचं कारण निश्चित माहीत हवं, आणि झोपेची वा भुलीची औषधं, अतिथंड शरीर, रक्तातल्या साखर-क्षारांचा मोठा बिघाड ही कारणं बाद झालेली हवीत. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: मण्यार चावलेल्या रुग्णाचे सगळे स्नायू लुळे पडतात, बाहुल्याही प्रकाशाला हलत नाहीत, आणि तो हुबेहूब मेंदूमृत दिसतो, पण व्हेंटिलेटरचा आधार मिळाला तर पूर्ण बरा होऊ शकतो. हे सगळं तपासल्यावर मग चाचण्या. बाहुलीवर प्रकाश, बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानात ५० मिलिलिटर बर्फाचं पाणी, घशात आणि श्वासनळीत नळीचा स्पर्श. कशालाच प्रतिसाद नको. शेवटी श्वासाची चाचणी. रुग्णाला आधी शुद्ध ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर आठ-दहा मिनिटं बाजूला करतात, नळीतून ऑक्सिजन चालूच ठेवतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिलिमीटर पाऱ्याच्या वर जाऊनही छाती एकदाही हलली नाही, तर श्वासाचं केंद्र मेलेलं आहे. जिवंत ब्रेनस्टेम इतका कार्बन डायऑक्साइड सहन करून गप्प बसत नाही.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार या चाचण्या चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करायच्या असतात, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात चालत नाहीत. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली मृत्यूची व्याख्या मात्र या निदानाचा उल्लेखही करत नाही. त्यामुळे अवयवदानाला नकार देणाऱ्या कुटुंबापुढे आणि डॉक्टरांपुढे ‘आता यंत्र काढायचं का’ हा पेच उभा राहतो. हा पेच कायद्याने सोडवायला हवा. दुःखातल्या माणसांवर तो टाकणं बरोबर नाही.

ब्रेन डेथ आणि कोमा एक नव्हेत, आणि भान नसलं तरी श्वास चालू असलेली अवस्थाही ब्रेन डेथ नव्हे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, सुमारे ४२ वर्षं, तिथेच होत्या. त्यांच्या मोठ्या मेंदूला गंभीर इजा झाली होती, पण ब्रेनस्टेम शाबूत होता. त्या स्वतः श्वास घेत होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मेंदूमृत नाहीत, हे स्पष्टपणे नोंदवलं. ब्रेन डेथनंतर अशी वर्षं मिळत नाहीत. रक्तवाहिन्यांचा ताण सुटून रक्तदाब कोसळतो, मेंदूतून येणारं, लघवी आवरणारं संप्रेरक थांबल्याने लिटरच्या लिटर लघवी होते, शरीर गार पडत जातं, आणि औषधांचा मारा करूनही हृदय बहुतेक वेळा काही दिवसांत थांबतं. याच काळात कधी हात अचानक छातीकडे उचलला जातो. बघणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. ती हालचाल मज्जारज्जूची असते. मेंदूचा तिच्याशी संबंध नसतो. डॉक्टरांनी घरच्यांना याची कल्पना आधीच द्यायला हवी. घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला असेल, तर अवयव काढल्यानंतर बर्फात हृदय चार ते सहा तास टिकतं, मूत्रपिंड चोवीस तासांहून अधिक.

घरी मृत्यू झाला तर हे अवयव देता येत नाहीत, नेत्रदान मात्र करता येतं. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन थेट हवेतून घेतो, म्हणून ठोके थांबल्यावरही सहा तासांपर्यंत कामाचा राहतो. पंखा बंद करावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि नेत्रपेढीला फोन करावा. आधी अर्ज भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकाची संमती पुरते. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह यांची आडकाठी नाही; एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज यांची आहे.

तोवर स्नायूंतलं एटीपी संपत आलेलं असतं. स्नायू आखडायलाच नव्हे, सैल व्हायलाही ते लागतं. ते नसलं की तंतू एकमेकांत अडकून राहतात आणि अंग ताठरतं. सुरुवात पापण्या, जबडा, मान अशी होते, आपल्या हवेत दोनएक तासांत. हनुवटी बांधायची, पाय सरळ करून अंगठे बांधायचे, तर ते लगेच करावं लागतं. तंतू कुजायला लागले की ताठरपणा सुटतो, उन्हाळ्यात लवकर. ‘मेल्यावर नखं वाढतात’ हे खरं नव्हे; त्वचा आटून मागे सरते आणि नख लांब दिसतं.

दाखल्यावर मृत्यूचं कारण म्हणून नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ असं लिहिलेलं असेल, तर मूळ आजार लिहून मागावा. हृदय प्रत्येकाचंच थांबतं. आणि मृताच्या छातीत पेसमेकर असेल तर दहनाआधी तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा, कारण त्याची लिथियमची बॅटरी आगीत फुटते. छातीत हृदयाला झटका देऊन ताल सुधारणारं यंत्र (आयसीडी) असेल तर काढण्यापूर्वी ते बंद करावं लागतं, नाहीतर काढणाऱ्यालाच झटका बसू शकतो.