इथलं एम.आर्क आणि अमेरिकेतलं एम.आर्क

लातूर-नांदेडकडची मुलं बी.आर्कच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीच्या, पाचव्या वर्षाला आली की घरात एम.आर्कचा, म्हणजे त्यापुढच्या पदव्युत्तर पदवीचा, विषय निघतो. अमेरिकेला गेलेल्या कुणाच्या तरी मुलाचं उदाहरण दिलं जातं आणि दोन्हीकडची पदवी एकच समजून खर्च-कमाईचा हिशोब मांडला जातो. पण नाव एक असलं तरी या पदव्या वेगळ्या आहेत.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याप्रमाणे बी.आर्क झालं आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केली की तुम्ही आर्किटेक्ट. एम.आर्क हा त्यानंतरचा दोन वर्षांचा विशेष अभ्यास: लँडस्केप, अर्बन डिझाइन, वारसा संवर्धन वगैरे. घर बांधायला आलेला माणूस विचारतो, "फुटाला किती घेता?" नगरपालिकेत फाईल टाकतानाही तुमचा नोंदणी क्रमांक बघतात, एम.आर्क नाही. त्यामुळे गावात प्रॅक्टिसच करायची असेल, तर एम.आर्कने फी वाढेल ही आशा धरू नका.

उपयोग होतो तो शिकवायला. सहायक प्राध्यापक व्हायचं तर बी.आर्कवर एम.आर्क लागतं. सातव्या वेतन आयोगात त्या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, पण विनाअनुदानित कॉलेजात हातात बरंच कमी पडू शकतं. नेमणूकपत्र नीट वाचा. दुसरा उपयोग संवर्धनाचा. दौलताबाद, औंढा नागनाथ, पैठणचे जुने वाडे असलेल्या आपल्या मुलखात हे शिकलेली माणसं हवीच आहेत, असं मला मनापासून वाटतं. गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन पात्र संस्थेत प्रवेश मिळाला, तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतनही मिळू शकतं.

अमेरिकेत एम.आर्कचे दोन प्रकार आहेत आणि घोळ होतो तो इथेच. एक नॅब (NAAB) या तिथल्या आर्किटेक्चर अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं. तिथे आर्किटेक्ट म्हणून काम करायच्या परवान्याकडे जाणारा सरळ रस्ता हाच. दुसरं आधीच आर्किटेक्चर शिकलेल्यांसाठीचं. ते कमी मुदतीचं असतं म्हणून स्वस्त वाटतं, पण त्याला ती मान्यता नसते. पहिलं केलं तरी पुढे ३,७४० तासांचा अनुभव आणि सहा परीक्षा आहेतच.

नावाजलेल्या खासगी विद्यापीठांत वर्षाची फी ५० हजार डॉलरच्या पुढे जाते. ८५ रुपयांच्या दराने ते साडेबेचाळीस लाख होतात, राहणं-जेवण वेगळं. मे २०२३ मध्ये तिथल्या आर्किटेक्टचं मधलं वार्षिक वेतन ९३,३१० डॉलर होतं, पण त्यात वीस-वीस वर्षं काम केलेलेही धरलेले आहेत. नवख्याचा पगार बराच कमी असतो, तेव्हा या आकड्यावर कर्जाचा हप्ता बसवू नका. शिवाय बऱ्याच बँका शेतजमीन तारण घेत नाहीत, एनए प्लॉट किंवा घर मागतात. म्हणजे वडिलांचं राहतं घरच गहाण पडतं.

म्हणून विद्यापीठाला आधी दोन गोष्टी लेखी विचारा: नॅबची मान्यता आहे का, आणि अभ्यासक्रम स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या गटात) मोडतो का. मोडत नसेल तर शिक्षणानंतर तिथे काम करायला १२ महिने मिळतात. मोडत असेल तर आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मिळू शकते. लाखोंच्या कर्जाला हा फरक फार मोठा आहे.

सिव्हिल इंजिनीअरिंग झालेल्यांना इथे एम.आर्कला प्रवेश नाही, अमेरिकेत तीनेक वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करता येतो. पण परत येऊन इथे आर्किटेक्ट म्हणून काम करायचा विचार असेल, तर ती पदवी नोंदणीला चालेल का, हे कर्ज काढण्याआधी कौन्सिलकडून लेखी घ्या.