डोळे कोरडे पडतात, क्लेम का परत येतो?

"दादा, एजंटानं तं सारंच भेटते म्हनलं होतं." कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगवर काम करणाऱ्या एका मावशींनी बिलांची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. कोरड्या डोळ्यांच्या औषधांची सतरा बिलं. सहांची शाई उडून कागद कोरा झालेला, बाकीच्यांवर रुग्णाच्या नावाच्या जागी ‘कॅश’. पण क्लेम परत आला तो यामुळे नाही. त्यांच्या पॉलिसीत ओपीडीच, म्हणजे भरती न होता घेतलेल्या इलाजाचा खर्च, नव्हता.

अडतं ते इथेच. साध्या मेडिक्लेमला निदान २४ तासांची भरती लागते. मोतीबिंदूसारखी, त्याच दिवशी घरी सोडणारी डे-केअर शस्त्रक्रिया तेवढी चालते. कोरड्या डोळ्यांचा इलाज मात्र वर्षानुवर्षे बाहेरूनच होतो. पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत किती पाणी येतं ते मोजायचं (शिर्मर टेस्ट), डोळे ओले ठेवणारे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे थेंब, कुणाला सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे. हा सगळा ओपीडीचा खर्च. म्हणून बिलं जमवण्याआधी पॉलिसीत ‘ओपीडी’ शब्द शोधा आणि त्यापुढची वर्षाची मर्यादा वाचा. ते वर्ष पॉलिसीच्या तारखेपासून मोजतात, एप्रिल ते मार्च नाही.

"एक दिवस भरती व्हा, क्लेम बसवून देतो" असं कुणी म्हटलं तर हात जोडा आणि निघा. नुसत्या तपासण्यांसाठीची भरती पॉलिसीच्या अपवादांत स्पष्ट लिहिलेली असते. क्लेम तर जातोच, वर खोटेपणाचा शिक्का बसतो.

दुसरी गोम जुन्या आजाराची. पॉलिसी घेण्याआधीच डोळ्यांचा इलाज चालू असेल तर फॉर्मवर लिहा. मधुमेह, थायरॉइड, संधिवात हेही लिहा, कारण कोरडेपणा बऱ्याचदा त्यांच्यासोबत येतो. जुन्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवू शकते. २०२४ च्या आधी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. थांबणं परवडतं, लपवणं नाही.

ओपीडी असेल तर क्लेम फॉर्म, आधार, पासबुक हे नेहमीचंच. खरी मेख चिठ्ठीत आहे. डॉक्टरांकडून आजाराचं नाव आणि तारीख वाचता येईल अशी लिहून घ्या. नुसतं ‘आय ड्रॉप’ चालत नाही. बिल चिठ्ठीच्या आधीच्या तारखेचं नको. मेडिकलवाल्याला नाव टाकायला सांगा, तो कटकट करेल, करू द्या. आणि मशीनच्या गुळगुळीत कागदावरच्या बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. आपल्याकडच्या उन्हात ते मे महिना पाहत नाही. ओमेगाच्या गोळ्या आणि चष्मा बहुधा कापले जातात.

"मंग सरकारी योजना?" हा पुढचा प्रश्न. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते यादीतल्या, दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांना. थेंबांच्या बाटलीसाठी आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) खेटे घालू नका. ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विम्यात) ओपीडी मिळते, पगार २१ हजारांपर्यंत असेल तर. मात्र फक्त जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना कायद्याने ‘हंगामी’ धरून त्यातून वगळला आहे. दिवसभर डोळ्यांत सरकीचा फुफाटा घेणाऱ्या बाईला नेमका तोच दरवाजा बंद. हे कुणी लिहिलं असेल त्याने एक दिवस कापसाच्या ढिगाशेजारी काढावा.

उघडा आहे तो दरवाजा ग्रामीण रुग्णालयाचा. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसुद्धा मोफत आहे. थेंब बाहेरून घ्यावे लागले तर आधी जनऔषधी केंद्रात विचारा.

ओपीडी असूनही नकार आला तर तो लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे विमा लोकपाल. विदर्भासाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील नाही. पण कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत. लोक हे वर्ष कंपनीला पुन्हा पुन्हा फोन करण्यात घालवतात.

मावशींची पॉलिसी जूनमध्ये नूतनीकरणाला येते. ओपीडी जोडली तर हप्ता किती वाढेल आणि थेंबांना वर्षाला किती लागतात, हे दोन्ही आकडे मी कागदावर शेजारी शेजारी लिहिले. हप्ताच जास्त निघाला. त्यांनी बिलं परत पिशवीत भरली आणि ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी येतात ते विचारलं.