क्वाटर्निअन मिश्रण
संगणकीय अ‍ॅनिमेशनमध्ये अनेक रोटेशन त्यांच्या वजनांनुसार मिसळून एकच रोटेशन काढण्याची पद्धत. व्हिडिओ गेममधले पात्र चालता चालता धावू लागते, शिवाय जखमी पायाने लंगडतेही. तेव्हा तीन क्लिपमधून खुब्याच्या हाडाला तीन वेगवेगळी रोटेशन मिळतात आणि दर फ्रेमला त्यांचे एक करावे लागते. गुडघा बिजागरीसारखा जवळपास एकाच अक्षावर फिरतो, त्याचे सहज निभावते. खरा घोळ होतो तो खुब्यात आणि खांद्यात.

कोनांची साधी सरासरी फसते. ३५०° आणि १०° या दिशांमध्ये अंतर केवळ २०°, पण सरासरी येते १८०°, म्हणजे पात्र थेट पाठ फिरवून उभे. तीन ऑयलर कोन (तीन अक्षांभोवतीचे एकापाठोपाठ फिरणे) वापरले आणि मधला ९०° वर गेला, की उरलेले दोन अक्ष एका रेषेत येतात. हेच गिंबल लॉक. रोटेशन मॅट्रिक्सची (रोटेशन मांडणाऱ्या संख्यांच्या चौकटीची) सरासरी घेतली तर हात आक्रसतो.

क्वाटर्निअन म्हणजे एक अदिश आणि तीन सदिश घटक, अशा चार संख्या; त्यांनी रोटेशन मांडता येते. आयरिश गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन यांना क्वाटर्निअनचे सूत्र १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना सुचले आणि त्यांनी ते ब्रूम पुलाच्या दगडावर कोरले. अ‍ॅनिमेशनच्या जगात ते रुळले ते केन शूमेक यांच्या १९८५ च्या सिग्राफ या संगणकीय चित्रणाच्या परिषदेतील निबंधामुळे. त्यातली स्लर्प ही रीत चौमितीय गोलाच्या पृष्ठभागावरून एका रोटेशनकडून दुसऱ्याकडे एकसमान वेगाने नेते.

स्लर्पचा गवगवा फार, पण ती दोघांपुरतीच. चालणे ०.५, धावणे ०.३ आणि लंगडणे ०.२ अशी वजने असतील तर आधी चालणे-धावणे ०.३७५ वर मिसळायचे, मग त्यात लंगडणे ०.२ ने. क्रम बदलला की उत्तरही सहसा थोडे बदलते. म्हणून रोजच्या कामात सरळ उपाय चालतो: प्रत्येक क्वाटर्निअनला वजनाने गुणून बेरीज करायची आणि तिची लांबी पुन्हा १ करायची. यात क्रमाचा प्रश्नच येत नाही. वेग मात्र किंचित डळमळतो. ०° ते ९०° या वळणात पाव वाटेवर स्लर्प २२.५° देते, ही बेरीज सुमारे २१.६°. पडद्यावर हा फरक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

डोळ्यांत भरते ती चिन्हाची चूक. चारही संख्यांची चिन्हे उलटली तरी रोटेशन तेच राहते. पण अशा दोन जुळ्यांची समान वजनांनी बेरीज शून्य होते आणि जवळपास सारखी रोटेशन उलट चिन्हांनी आली तर वजने वेगळी असली तरी मिश्रण भलतीकडे ओढले जाते. त्यामुळे बेरजेआधी प्रत्येकाचा एका संदर्भाशी अदिश गुणाकार (घटक जोडीने गुणून बेरीज) करतात. तो ऋण आला तर चिन्हे उलटवतात. संदर्भ म्हणून पहिली क्लिप धरणे सोपे, पण क्लिप बदलली की हात अचानक लांबच्या बाजूने गरकन फिरू शकतो. सांगाड्याची विश्रांतीची मुद्रा संदर्भ धरणे अधिक भरवशाचे.

चिन्हाची ही कटकट मुळातूनच टाळणारी रीत मार्कली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडली. तीत क्वाटर्निअनांपासून बनवलेल्या ४×४ मॅट्रिक्सच्या सर्वांत मोठ्या आयगेनमूल्याचा सदिश (मॅट्रिक्सने गुणल्यावर ज्याची रेषा बदलत नाही, फक्त लांबी सर्वाधिक पटीने बदलते असा) हीच सरासरी असते. अवकाशयानाची दिशा ठरवण्यासाठी ती शोभते. शेकडो हाडांना दर फ्रेमला लावणे बहुधा महागात पडते. रोटेशन एकमेकांपासून जवळजवळ १८०° वर असतील तर कोणत्या बाजूने वळायचे हे गणित खात्रीने ठरवू शकत नाही. तिथे अ‍ॅनिमेटर मधली एखादी क्लिप घालून देतो.