फुले योजनेत केस अडते ती कुठे? नाशिकमधल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी

पहिली गोष्ट, फुले योजनेचा फॉर्म कुठे मिळतो असं विचारत फिरू नका, असा फॉर्म नसतोच. जुने लोक अजून 'जीवनदायी' म्हणतात तीच ही योजना, २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आली, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, आणि आता केंद्राच्या आयुष्मान भारतसोबत एकत्र चालते. सरकार पैसे देतं, उपचार सरकारी आणि यादीतले खाजगी दवाखाने दोन्ही करतात. पेशंटला ॲडमिट करायचं, तिथल्या आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) काउंटरवर रेशनकार्ड आणि आधार द्यायचं, तो ऑनलाइन नोंद करतो, डॉक्टरांचे रिपोर्ट जोडून प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज, जातो, मंजुरी आली की ऑपरेशन. पाचशे-हजार घेऊन 'कार्ड काढून देतो' म्हणणारा भेटला तर सरळ पुढे चालू पडा, आयुष्मान कार्ड फुकट निघतं.

पात्रतेचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून पांढरं रेशनकार्डसुद्धा चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, आधी ते दीड लाख होतं. हे आपल्याकडे फार जणांना माहीतच नाही. त्याचं कारणही आहे. आधी पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांना फक्त १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत लाभ मिळायचा आणि त्या यादीत नाशिक नव्हतं, त्यामुळे निफाड-दिंडोरीचा द्राक्षवाला 'आपलं पांढरं आहे, आपल्याला नाही भेटत' असं म्हणून गप बसायचा आणि बिलासाठी सोसायटीचं कर्ज काढायचा. आता तसं नाही. आणि ५ लाख हे माणशी नाहीत बरं का, कार्डावरच्या सगळ्या घराचे मिळून आहेत.

आता खरी गोम. रेशनकार्ड.

माझ्या मावसभावाची सून पेठची, दिली सिन्नरला. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून नाव कमी केलं, दाखला घेतला, तो दाखला कपाटात गेला आणि सासरच्या कार्डावर नाव चढवायचं राहूनच गेलं. तीन वर्षांनी पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं तेव्हा ही पोरगी कुठल्याच कार्डावर नाही, आधारवर आडनाव अजून माहेरचं. दोन दिवस तहसीलच्या पुरवठा शाखेत गेले. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला, दुसऱ्या दिवशी सर्व्हर डाऊन, आणि इकडे पोरगी कळवळतेय. म्हणून सांगतो, घरात सून आली की पहिल्या महिन्यातच नाव चढवून घ्या, हळद उतरायची वाट बघू नका. आणि आधारवर 'सुरेश' अन् कार्डावर 'सुरेष' असलं काही असेल तर ते आजच दुरुस्त करा, ॲडमिट झाल्यावर नाही. तान्ह्या बाळाचं नाव कार्डावर नसलं तरी एवढं घाबरायचं कारण नाही, जन्मदाखला आणि आईवडिलांपैकी एकासोबत बाळाचा फोटो द्यायचा.

कार्डच नाही त्यांच्यासाठी अधिवास प्रमाणपत्र आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण सेतूमध्ये गेलात की राहण्याचे जुने पुरावे मागतात, शाळेचा दाखला गावाकडे, लाइट बिल घरमालकाच्या नावावर, यात आठ-पंधरा दिवस कुठे गेले कळत नाही आणि छातीत दुखणारा माणूस तेवढा थांबत नाही. सातपूर-अंबडला कंपनीत असलेल्या यूपी-बिहारच्या भाऊंनी यात पडूच नये, गावाकडचं आयुष्मान कार्ड असेल तर ते इथल्या यादीतल्या दवाखान्यातही चालतं, ते आधी काढा.

दुसरी अडचण दवाखान्याची. बाहेर योजनेचा बोर्ड आहे म्हणजे सगळंच होतं असं नाही. एखादा दवाखाना हृदयासाठी यादीत असतो पण हाडांसाठी नसतो. काही ऑपरेशन तर फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव आहेत, ती असतील तर सिव्हिल नाहीतर शालिमारचं सरकारी संदर्भ रुग्णालय, खाजगीत कितीही हुज्जत घातली तरी होणार नाहीत. म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन करून आजाराचं नाव सांगून विचारायचं, 'हे ऑपरेशन, ह्या दवाखान्यात, योजनेत आहे का?' तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात विचारा. नुसतं 'योजना आहे का' विचारलं तर उत्तर 'हो' येतं आणि फसायला होतं. ओपीडीचे पैसे यात धरू नका, ॲडमिट झाल्यावरच्या ठरलेल्या पॅकेजला ही योजना आहे.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते वेळेच्या घोळात. लोक समजतात आधी बिल भरू, नंतर कागद देऊन परत मिळवू. अहो, ही मेडिक्लेम नाही, भरलेलं बिल परत मिळत नाही. आरोग्यमित्राला ॲडमिट होतानाच सांगायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही. ॲक्सिडेंटसारख्या तातडीच्या केसमध्ये फोनवर कळवून उपचार सुरू होतात आणि कागदांना थोडी मुदत मिळते, पण त्या मुदतीत घरातला एक माणूस फक्त कागदांमागे ठेवा, सगळे आयसीयूबाहेर बसून काय होणार आहे? डिपॉझिट मागितलं तर आरोग्यमित्राला समोर बोलवा, त्याच्यासमोर सूर बदलतो. दवाखानेवाल्यांचीही बाजू आहे, पॅकेजचे दर कमी आणि सरकारकडून पैसे उशिरा अशी त्यांची कायमची तक्रार आहे, पण ती त्यांनी सरकारकडे न्यावी, पेशंटच्या बापाकडे नाही.

आणि 'क्वेरी पडली', म्हणजे मंजुरीआधी वरून काही शंका विचारली, म्हणजे रिजेक्ट नाही! बऱ्याचदा एखादा रिपोर्ट धूसर अपलोड झालेला असतो, तो परत टाकला की झालं. खरंच नाकारली असेल तर कारण लेखी मागा, ते घेऊन योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे जा नाहीतर १५५३८८ वर तक्रार नोंदवून नंबर लिहून घ्या.

यातूनही नाहीच जमलं तर दवाखाना ट्रस्टचा आहे का ते बघा. धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, तिथे मात्र उत्पन्नाचा पुरावा मागतात, तहसीलदारांचा दाखला जुना असेल तर नवीन काढून ठेवा.