फेब्रुवारीतच ऊन तापलं, तर मधमाश्या कांद्याच्या डोंगळ्यांवरून (फुलांच्या दांड्यांवरून) कुठे जातात?

(कांदा बीजोत्पादनासाठी आमच्या मधपेट्या भाड्याने घेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी)

"पेट्या ठेवल्यात, पण दुपारी फुलावर माशीच नाही." फेब्रुवारी सरत आला की बुलढाणा-जालन्याकडून असे फोन सुरू होतात. ऊन लवकर तापलं तर फोनही लवकर येतात. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या सरासरीत १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण ठरला होता. अशा हवेत माशी पेटीतून निघते, पण निघते दुसऱ्याच कामाला.

पहिलं काम पाण्याचं. अळ्या असतात तिथे माश्या तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास राखतात. बाहेर तापलं की पाणी आणून पोळ्यात पसरायचं आणि पंखांनी वारा घालायचा, हा त्यांचा कूलर. त्यासाठी कामकरी माश्यांची एक फळी दिवसभर ठिबकच्या गळक्या जोडावर किंवा गोठ्यामागच्या डबक्यावर जाते. स्वच्छ पाणी शेजारी असलं तरी बऱ्याचदा त्यांना शेवाळलेलं, खारट पाणीच आवडतं. त्याला इलाज नाही.

दुसरं काम मकरंदाचं, आणि खरी अडचण इथे आहे. कांद्याचं फूल उघडं आणि उथळ. कोरड्या उन्हात त्यातला मकरंद लवकर आटून घट्ट होतो. त्यात पोटॅशियम मुळातच जास्त, त्यामुळे कांद्याचा मकरंद माशीच्या फारसा पसंतीचा नाही. जवळ धणे, मोहरी किंवा शेवगा फुललेला असेल, तर ती तिकडेच वळणार. एकदा एका फुलाची सवय लागली की माशी तेच फूल धरून राहते. म्हणून शेतात साधारण दहा टक्के फुलं उमलल्याशिवाय आम्ही पेट्या आणत नाही. "आधीच आणून ठेवा ना" असा आग्रह होतो, पण त्यात तुमचंच नुकसान आहे.

तिसरं काम परागाचं. पेटीच्या दाराशी, जरा बाजूला, पाच मिनिटं उभे राहा. मागच्या पायांवर पिवळट गोळ्या घेऊन येणाऱ्या माश्या दिसल्या, तर आत अळ्या वाढताहेत, राणी अंडी घालतेय, असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही. पाय मोकळे आणि पोट फुगलेलं असेल, तर ती मकरंद किंवा पाणी घेऊन आली.

हायब्रीड बियाण्याच्या प्लॉटमध्ये हा फरक थेट पैशाचा आहे. मादी ओळीतल्या फुलांत पराग नसतो. परागासाठी आलेली माशी नर ओळीतच फिरते, मादीकडे ढुंकूनही बघत नाही. दोन्ही ओळींत जाते ती मकरंदवाली, आणि तिच्याच अंगाला चिकटलेल्या परागावर तुमचं बी भरतं. मकरंद आटला की ती येईनाशी होते, आणि नर ओळीत माश्या दिसत असूनही मादीचे गोंडे रिकामे राहतात. साध्या वाणातही एका फुलाचे पराग आधी झडतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे माशीशिवाय भागत नाही.

तेव्हा पेट्या आल्या त्याच दिवशी जवळ, सावलीत एक पसरट घमेलं ठेवा. त्यात खडे किंवा गोणपाट टाका, नाहीतर माश्या बुडतात. पाणी रोज भरा. चार दिवसांनी आठवण झाली, तोवर त्यांनी शेजाऱ्याची टाकी धरलेली असते. प्लॉटला ताण देऊ नका, ताणावरच्या झाडाला मकरंद कमी सुटतो. मात्र सकाळी तुषार संच चालवू नका, पराग धुऊन जातो. दुपारी पेटीवर सावली हवी. दाराबाहेर माश्यांचा घोस लोंबताना दिसला, तर पेटी तापली आहे. धूर करू नका, आधी सावली करा.

जवळ गुऱ्हाळ किंवा रसवंती असेल, तर बुकिंग करतानाच सांगा. फुलात मकरंद नसला की माश्या तिथे घिरट्या घालतात आणि काहिलीत पडून मरतात. अशा ठिकाणी आम्ही पेट्यांची जागा बदलून देतो.

उन्हाबरोबर फुलकिडे वाढतात आणि पंपाकडे हात जातो. फुलोऱ्यात फवारणी टाळलेलीच बरी. अगदीच गरज पडली, तर आदल्या दिवशी आम्हाला कळवा, म्हणजे माश्या आत परतल्यावर पेट्या हलवता येतील. न कळवता केलेल्या फवारणीत वसाहत मेली, तर तिची भरपाई ग्राहकाकडे राहील. भाडेकरारात हे कलम आहे.