बंप स्टॉक आणि ट्रिगरचे खटले: १९३४ च्या एका व्याख्येची गोष्ट

अमेरिकेतल्या बंदुकांच्या खटल्यांत बहुधा दुसऱ्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा मुद्दा असतो. बंप स्टॉक या रायफलच्या जोडसाधनाचा खटला तसा नव्हता. त्यात सगळा कीस पाडला गेला तो १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टमधल्या मशिनगनच्या व्याख्येचा.

तो काळ टोळीयुद्धांचा आणि टॉमी गन या हाती धरायच्या मशिनगनचा. १९२९ च्या व्हॅलेंटाइन दिनी शिकागोत सात जणांना भिंतीशी उभे करून मारले होते. ट्रिगरच्या ‘एकाच क्रियेत’ आपोआप एकाहून अधिक गोळ्या झाडते ती मशिनगन, असे कायद्याने ठरवले आणि तिच्यावर २०० डॉलर कर बसवला. १९८६ मध्ये नव्या मशिनगन सामान्य नागरिकांना विकण्यावरच बंदी आली. व्याख्येतली ‘एकाच क्रिये’ची अट मात्र जिथल्या तिथे राहिली.

बंप स्टॉक म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर गोळीला ट्रिगर दाबावा लागणाऱ्या रायफलला लावायचा सरकता दस्ता. गोळी सुटली की धक्क्याने रायफल मागे सरकते. दुसऱ्या हाताने ती पुढे रेटत राहिले की ट्रिगर स्थिर धरलेल्या बोटावर पुन्हा आदळतो. प्रत्येक गोळीला ट्रिगर हलतो, बोट हलत नाही. मग ‘एकच क्रिया’ कोणाची मोजायची, ट्रिगरची की बोटाची? शस्त्र नियंत्रणाचे काम पाहणाऱ्या एटीएफलाही एका उत्तरावर टिकता आले नाही. स्प्रिंग असलेले असेच एक साधन २००६ मध्ये तिने मशिनगन ठरवले आणि २०१० मध्ये बिनस्प्रिंगच्या बंप स्टॉकला मोकळीक दिली.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी लास वेगासमध्ये एकाने हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून संगीत महोत्सवाच्या गर्दीवर दहाएक मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. त्याच्या अनेक रायफलींना बंप स्टॉक होते. पुढे दगावलेले जखमी धरून ६० जण गेले. कायदा बदलायची याहून मोठी निकड कोणती असू शकते? पण अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने, तो बदलला नाही. ट्रम्प प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये नियम काढून बंप स्टॉक मशिनगनच्या व्याख्येत घातले. सुमारे ५ लाख २० हजार नगांचा सरकारी अंदाज होता. मालकांनी ते नष्ट करायचे किंवा जमा करायचे होते.

टेक्सासमधल्या कार्गिल नावाच्या बंदूकविक्रेत्याने आपले बंप स्टॉक जमा केले आणि सरकारवर दावा लावला. वेगवेगळ्या अपील न्यायालयांनी उलटसुलट निकाल दिले. अखेर १४ जून २०२४ रोजी ‘गार्लंड विरुद्ध कार्गिल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी नियम रद्द केला. न्या. थॉमस यांनी निकालपत्रात ट्रिगरच्या आतल्या भागांच्या आकृत्याच छापल्या: दर गोळीला ट्रिगर नव्याने कार्य करतो, म्हणून ही मशिनगन नव्हे. न्या. सोटोमायोर यांनी भिन्नमतात नेमबाजाच्या कृतीकडे पाहिले आणि ती मशिनगनच मानली. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातली निषिद्ध शस्त्रांची व्याख्या इथे ताडून पाहावी. ट्रिगरवरचा दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात का, हे ती विचारते.

न्या. अलिटो बहुमतात होते, तरी काँग्रेस कायदा दुरुस्त करू शकते असे त्यांनी वेगळे लिहिले. मलाही खरी कसूर तिथेच दिसते. निकालानंतर काही दिवसांतच सिनेटमध्ये बंदीचे विधेयक आले आणि रिपब्लिकन हरकतीने अडले.

तोच वाद आता फोर्स्ड रिसेट ट्रिगरवर आला आहे. यात प्रत्येक गोळीनंतर बंदुकीची यंत्रणाच ट्रिगर जोराने पुढे ढकलते. बोटाचा दाब कायम असला की लगेच पुढची गोळी सुटते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली, तर जुलै २०२४ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने कार्गिलचा आधार घेऊन उलट निकाल दिला. मे २०२५ मध्ये न्याय विभागाने रेअर ब्रीड या उत्पादक कंपनीशी तडजोड करून जप्त ट्रिगर परत करायचे मान्य केले. जूनमध्ये न्यू जर्सी, मेरीलँड आणि इतर राज्ये या परतीविरुद्ध न्यायालयात गेली.