भुंगा, शठ आणि लखोबा : सतत जोडीदार बदलणाऱ्या पात्रांची पार्श्वभूमी

आज या फुलावर, उद्या त्या फुलावर असणाऱ्या माणसाला आपल्याकडे ‘भुंगा’ म्हणतात. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या एकांकिकांत, यात्रेतल्या वगांत आणि अलीकडच्या अहिराणी व्हिडिओंत हे पात्र पुन्हा पुन्हा येतं आणि बऱ्याचदा पडतं. लेखक सगळा वेळ भुंग्याच्या मागे धावतो आणि फुलं नावापुरती उरतात, म्हणून ते पडतं. हे पात्र जिथे जिथे टिकलं, तिथे सोडलेल्या माणसाला बोलायला भरपूर जागा होती. त्याचा इतिहास बघताना हे सूत्र हातात ठेवावं.

भुंग्याची उपमा जुनीच. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकाच्या सुरुवातीला पडद्याआडून हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं. आंब्याच्या मोहोराचं चुंबन घेऊन कमळात रमलेल्या भुंग्या, मोहोराला विसरलास कसा, असं ती विचारते. एकदाच प्रेम करून राजाने तिला बाजूला सारलेलं आहे. ती रंगमंचावर येतही नाही. पण त्याच अंकात दुष्यंत शकुंतलेला ओळखायला नकार देतो, तेव्हा प्रेक्षकाच्या कानात ते गाणं अजून घुमत असतं. दुर्वासाचा शाप चौथ्या अंकातच होऊन गेला आहे, तरी सगळा दोष शापावर टाकता येत नाही. कालिदासाने हे काम एका श्लोकात केलं आहे.

या स्वभावाची वर्गवारी दहाव्या शतकात, सातपुड्याच्या पलीकडे माळव्यात, मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयाने ‘दशरूपका’त नेमकी मांडली. नवीकडे मन गेलं तरी पहिलीशी सहृदय राहतो तो दक्षिण. लपवून अपराध करतो तो शठ. दुसरीच्या खुणा अंगावर दिसत असताना बेधडक समोर येतो तो धृष्ट. एकीशीच राहतो तो अनुकूल. पात्र लिहायला बसताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की आपला माणूस यांपैकी कोण? पुष्कळ संहितांत तो पहिल्या प्रवेशात शठ असतो, तिसऱ्यात काही कारण नसताना धृष्ट होतो, आणि प्रेक्षकाचा विश्वास उडतो. शठाचा धृष्ट व्हायला हरकत नाही, पण तो पकडला जातो तो प्रवेश मध्ये हवाच.

याच शास्त्राने दुसरी बाजूही नावानिशी नोंदवली. आठ नायिकांपैकी खंडिता म्हणजे रात्रभर वाट पाहून पहाटे त्याच्या अंगावर दुसरीच्या खुणा पाहणारी. विप्रलब्धा म्हणजे ठरल्या जागी जाऊनही जिला तो भेटत नाही ती. पुढे लावणीने हा सूर उचलला, आणि जात्यावरच्या ओव्यांत सवतीचं दुःख येतं ते याच घराण्यातलं. अहिराणीत खंडितेचं अख्खं भाषण एका ओळीत बसतं : “काल रातले कोठे व्हता तू?” तमाशाच्या गौळणीतल्या कृष्णाला मात्र या रांगेत बसवू नये. तिथे कुणी मागे टाकली जात नाही, आणि ती भक्तीची भाषा आहे.

युरोपात हे पात्र मोजणीच्या वाटेने गेलं. 1630च्या सुमारास छापलेल्या, तिर्सो दे मोलिनाच्या नावावर असलेल्या स्पॅनिश नाटकात डॉन हुआन आला. कुणी मरणाची, हिशेबाची आठवण दिली की ‘बरीच लांब मुदत दिलीत’ अशा अर्थाचं त्याचं पालुपद ठरलेलं. भाषा सरळ उधारीची आहे, आणि शेवटी त्याने मारलेल्या माणसाचा पुतळा वसुलीला येतो. 1665मध्ये मोलिएरने आणि 1787मध्ये मोझार्टने हाच माणूस घेतला. मोझार्टच्या संगीतिकेत त्याचा नोकर सोडलेल्या एल्व्हिराला यादी वाचून दाखवतो : इटलीत 640, जर्मनीत 231, फ्रान्समध्ये 100, तुर्कस्तानात 91, स्पेनमध्ये 1003. बेरीज 2065. आकडे हसवतात, पण ते ऐकायला समोर एल्व्हिरा उभी आहे म्हणूनच तो प्रसंग टोचतो. तिला काढलं तर नुसती यादी उरते. 1819पासून बायरनने पात्रच उलटं केलं. त्याच्या कवितेतला हुआन फारसं कुणाला जिंकत नाही, बायकाच त्याला ओढून नेतात.

आपल्याकडे मोठा बदल घडवला तो कायद्याने, आणि याकडे नाट्यलेखकांचं लक्ष कमी जातं. ‘मालविकाग्निमित्रा’तला अग्निमित्र धारिणी आणि इरावती या दोन राण्या घरात असताना मालविकेवर भाळतो आणि नाटक लग्नात गोड होतं, कारण दुसरं-तिसरं लग्न तेव्हा चालत होतं. भांडण घरातल्या घरात मिटे. पूर्व आणि पश्चिम खानदेश तेव्हा मुंबई प्रांतात होते, आणि त्या प्रांताने 1946मध्येच हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली. देशभराचा हिंदू विवाह कायदा त्यानंतर नऊ वर्षांनी, 1955मध्ये आला. म्हणून 1946च्या आधी घडणाऱ्या कथेत सवत ओसरीवर दिसू शकते. नंतरच्या कथेत दुसरीला लपवावं लागतं, खोटं नाव घ्यावं लागतं, आणि कोर्ट दारात येतं. काळ न ठरवता लिहिलेल्या संहितेत या दोन्हींची खिचडी होते.

कोर्टाचा तो रस्ता अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ने 1962मध्ये पक्का केला. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या वेषांत बायकांना फसवतो. त्याची लग्नं दिसतात ती साक्षींमधून, आणि फिरत्या रंगमंचामुळे साक्ष बोलता बोलता प्रसंगात उतरते. फसवल्या गेलेल्यांच्या तोंडून माणूस उभा करायचा ही युक्ती आजही सगळ्यात भरवशाची.

आता खानदेशापुरतं. अर्जुनाच्या तीर्थयात्रेत उलूपी नागलोकात, चित्रांगदा मणिपुरात, सुभद्रा द्वारकेत, म्हणजे या बायकांची एकमेकींशी भेट अंतरच टाळत होतं. आपल्याकडे ते काम धंदा करतो. रावेरहून दिल्लीकडे केळीचा ट्रक नेणारा ड्रायव्हर, भुसावळचा रेल्वे कर्मचारी, जिनिंगसाठी कापूस पाहत हिंडणारा दलाल. अशा माणसाची बोलीही मुक्कामागणिक पालटावी : साक्रीत अहिराणी, यावलकडे लेवा गणबोली, शहाद्यात गुजरी, धडगावला पावरी. लखोबाचे वेष बदलतात तशी याची जीभ बदलते, आणि त्यातच त्याचा शठपणा दिसतो. इथे चूक ठरलेली असते. नट बोलीची नक्कल करतो, आणि प्रेक्षक त्याच्या लबाडीऐवजी त्या बाईच्या बोलीला हसतात. बोली त्याची नाटकी ठेवा, तिची अस्सल. तिचे संवाद ती बोली घरी बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावेत.

हिशेबही करावा. प्रत्येक नात्याला जुळणं, टिकणं आणि तुटणं असे निदान तीन प्रवेश लागतात. चाळीस मिनिटांत तीन नाती घेतली तर नऊ प्रवेश, प्रत्येकी साडेचार मिनिटांच्या आत. चौथं घेतलं की बारा प्रवेश आणि जेमतेम सव्वातीन मिनिटं. एवढ्यात प्रेक्षकाला नावही लक्षात राहत नाही. दुसरीशी जुळण्याचा प्रवेश पहिलीशी तुटण्याच्या आधी ठेवला तर ताण आपोआप येतो. पुरावा मात्र आजचा हवा. दशरूपकातल्या खुणांची जागा आता पैसे पोचल्याच्या मेसेजने घेतली आहे, आणि मोबाइल खिशात असताना दोन गावांतलं अंतर काहीच लपवत नाही.

दैनंदिन मालिकांत जोड्या बदलतात त्याचं कारण वेगळं आहे. नट तेच, गोष्ट संपवायची नाही. तीन पुरुष आणि तीन बायका असल्या की नऊ जोड्या निघतात, आणि त्या फिरवत राहता येतात. तिथे स्वभावाची वर्गवारी शोधण्यात अर्थ नाही.

बाईने जोडीदार बदलण्याच्या कथा ‘शुकसप्तती’त आहेत, आणि तिचा ‘शुकबहात्तरी’ हा जुना मराठी अवतारही आहे. परक्याकडे निघालेल्या प्रभावतीला पोपट रात्रीमागून रात्र गोष्ट सांगून थांबवतो. त्या गोष्टींतल्या कित्येक बायका चतुराईने सुटतात, पण बोलतो सगळा पोपटच. प्रभावतीने स्वतः सांगितलेला वग खानदेशी रंगमंचावर यायला हवा, आणि त्यात पोपटाला पिंजऱ्यात गप्प बसवावं.